वईवरचा चीक, खिडकीतली कुंडी

शहरातल्या एखाद्या नर्सरीत ‘कॅक्टस’ म्हणून मांडलेल्या कुंड्यांची रांग नीट न्याहाळली, तर त्यातल्या कित्येक कुंड्यांत कॅक्टस नसतोच. तीन धारांचा, धारेवर काट्यांच्या जोड्या आणि इवली पाने असलेला, उभ्या मेणबत्त्यांसारखा सरळ वर जाणारा असतो तो युफोर्बिया ट्रायगोना. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, जवळजवळ बिनपानांच्या हिरव्या कांड्यांचा गुच्छ म्हणजे आपला शेर, युफोर्बिया तिरुकल्ली. काटेरी खोडावर लाल-गुलाबी फुलांचे झुबके धरणारी युफोर्बिया मिली मूळची मादागास्करची. आणि पोवळ्यासारखा वळ्यावळ्यांचा, पंख्याच्या आकाराचा, ‘कोरल कॅक्टस’ या नावाने चांगल्या किमतीला जाणारा जो प्रकार असतो, ती तर दोन झाडांची जोडणी आहे. वरचा पंखा युफोर्बिया लॅक्टियाचा, आणि त्याचे कलम ज्या खोडावर बांधलेले असते ते खोड युफोर्बिया नेरीफोलियाचे, म्हणजे गावोगावच्या बांधांवर उभ्या असलेल्या निवडुंगाचे. गावाकडचे बांधावरचे झाड दुसऱ्या झाडाचा मुकुट घालून शहरातल्या दिवाणखान्यात येते आणि त्याला कोणी ओळखत नाही. ही सारी एरंडाच्या कुळातली झाडे. टाचणी टोचली तर प्रत्येकातून दुधासारखा पांढरा चीक येतो, आणि तो चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकते. पुढची पाने या झाडांच्या घरगुती लागवडीविषयी आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी एक गोष्ट सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते.

ही झाडे आपल्याला नवी नाहीत, त्यांचे घरात येणे नवे आहे. शेराची आणि निवडुंगाची वई महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या लावली जाते. फांदी तोडून बांधावर खोचली की लागते, पाणी मागत नाही, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. याहून स्वस्त कुंपण कुठले? या कुंपणाशी माणसाचे नातेही ठरलेले होते. झाड शेताच्या कडेला, माणसाचा वावर आतल्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये चार पावलांची मोकळी जागा. फांदी तुटली तर काय गळते आणि त्या हाताने डोळा का चोळायचा नाही, हे वईच्या आसऱ्याने वाढलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नसे. मराठीत गाईच्या पहिल्या दुधालाही चीक म्हणतात आणि निवडुंगाच्या स्रावालाही. म्हणजे शब्दात कसलाही इशारा नाही. इशारा होता तो सहवासात. बिब्बा उततो, रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, फणस कापायच्या आधी हाताला तेल लावावे, हे सारे ज्ञान त्या त्या झाडाशेजारी राहूनच मिळाले. आता झाड वईवरून उठून खिडकीच्या कठड्यावर आले. चार पावलांचे अंतर चार बोटांवर आले आणि सहवासातून आलेले ज्ञान मात्र बांधावरच राहिले. नर्सरीतल्या चिठ्ठीवर ‘कॅक्टस, पाणी कमी’ एवढेच लिहिलेले असते. माझे म्हणणे असे की विषारी झाड घरात ठेवता येते, आनंदाने ठेवता येते, पण गेलेल्या अंतराची भरपाई नेमक्या माहितीने झाली पाहिजे. ‘विषारी आहे, जपा’ ही माहिती नेमकी नव्हे.

अंतराचा हा मुद्दा फार जुना आहे, किती जुना ते या झाडाच्या नावातच दिसते. उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटेनियाचा राजा दुसरा जुबा याने अ‍ॅटलास पर्वतात सापडलेल्या एका काटेरी, चिकाळ झाडाला आपल्या दरबारातल्या युफोर्बस नावाच्या वैद्याचे नाव दिले, आणि तेच नाव पुढे लिनियसने १७५३ मध्ये सबंध प्रजातीसाठी कायम केले. या प्रजातीत आज सुमारे २,००० जाती मोजल्या जातात. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने या अ‍ॅटलासच्या झाडाबद्दल लिहून ठेवलेला तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चीक इतका जहाल की तो काढणारे लांब काठीने खोडाला छेद देत आणि दुरूनच तो भांड्यात झेलत. आपल्याकडेही वेगळे नव्हते. स्नुही म्हणजे निवडुंग. चरकाने तीव्र रेचकांमध्ये तिच्या चिकाला अग्रस्थान दिले, आणि तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहून दोन-तीन वर्षांच्या झाडाला शिशिराच्या शेवटी शस्त्राने छेद देऊन चीक घ्यावा असे सांगितले. झाड किती वयाचे, ऋतू कोणता, हत्यार कोणते, हे सगळे आधी ठरवायचे आणि मगच झाडाला हात लावायचा. भगंदरावर आजही वापरल्या जाणाऱ्या क्षारसूत्राच्या दोऱ्यावर स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून एकवीस लेप चढवले जातात. ज्यांनी हा चीक रोज हाताळला त्यांनी त्याला विष म्हणून टाळले नाही आणि औषध म्हणून सैलही सोडले नाही. त्यांनी पद्धत बसवली.

शेराच्या बाबतीत इथे एक आडवळण घेतो, कारण ते मराठी-कोंकणी वाचकाच्या जवळचे आहे. तिरुकल्ली हे नाव मल्याळी आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने कोचीत बसून सतराव्या शतकात तयार करवलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथातून ते लिनियसपर्यंत पोचले. त्याच ग्रंथाला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले कोंकणी साक्षपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. गंमत अशी की भारतीय नाव मिरवणारा हा शेर मुळात आफ्रिकेचा. तो इथे इतका मुरला की त्याला परका म्हणायची सोय राहिली नाही. ओळख जुनी असली की धोका कमी वाटतो, आणि झाड परदेशी नावाने आले की उलट त्याची जुनी ओळख हरवते. शेराच्या वाट्याला दोन्ही आले आहे.

आता चिकाकडे. युफोर्बियाच्या खोडात चीक वाहणाऱ्या नळ्या असतात आणि त्यांची रचना चकित करणारी आहे. बीजाच्या गर्भात असलेल्या मोजक्या पेशी झाडाबरोबर वाढत, फाटे फोडत सगळ्या अंगभर पसरतात. एकेक पेशी म्हणजे झाडाच्या टोकापर्यंत गेलेली लांबच लांब, फांद्या फुटलेली नळी. आतला चीक दाबाखाली असतो. म्हणून टोकाला नखाने खरचटले तरी चीक ताबडतोब ठिबकतो, आणि जाड फांदी कापली तर नुसता ठिबकत नाही, उडतोसुद्धा. झाडाला त्याचा उपयोग दुहेरी: जखम बुजते आणि खाणारा पळतो. पळवण्याचे काम करतात ती डायटर्पीन गटातली द्रव्ये, फॉर्बॉल आणि इंजेनॉल यांची एस्टरे. ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. शेराच्या चिकात हायड्रोकार्बनांचा अंश इतका आहे की १९६१चे नोबेल मिळवलेले मेल्विन कॅल्विन यांनी १९७०च्या दशकात या झाडाची शेती करून खनिज तेलाला पर्याय काढण्याची कल्पना मांडली होती. फणसाचा तेलाच्या हाताचा उपाय इथे चालवू नये तो याच कारणाने: फणसाचा चीक फक्त चिकटतो, शेराच्या चिकातली दाहक द्रव्ये तेलातून कातडीत शिरायला मोकळी होतात. अ‍ॅटलासच्या त्या मूळ झाडातले रेझिनिफेराटॉक्सिन तर मिरचीतल्या कॅप्सायसिनच्याच ग्राहीवर बसते आणि त्याच्यापेक्षा सुमारे हजारपट जोरकस ठरते. तो ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला आणि त्या कामाला २०२१चे नोबेल मिळाले. शेरात किंवा ट्रायगोनात चिकाची तीव्रता इतकी नसते, पण जात तीच.

या चिकाच्या दोन खोडी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, तो बिब्ब्यासारखा काहींनाच उतत नाही. बिब्ब्याचा त्रास मुख्यतः अ‍ॅलर्जीचा, म्हणून एकाला फोड येतात आणि दुसऱ्याला काही होत नाही. युफोर्बियाचा चीक थेट दाहक आहे. पुरेसा लागला आणि पुरेसा वेळ राहिला तर कोणाचीही कातडी लाल होते, फोड येतात. दुसरी खोड जास्त फसवी: त्रास कधी कधी उशिरा कळतो. सकाळी फांदी छाटली, हात नुसता पाण्याखाली धरला, आणि संध्याकाळी मनगटावर आग सुरू झाली, तर सकाळच्या कामाशी तिचा संबंध कोणी लावत नाही. डोळ्यात हा उशीर महाग पडतो. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत भारतासह अनेक देशांतले असे रुग्ण नोंदलेले आहेत आणि त्यांची कहाणी बरीचशी सारखी आहे: आधी जळजळ आणि पाणी, मग काही तासांनी दुखणे वाढते, दिसणे धूसर होते, बुबुळाचा वरचा थर सोलवटतो. वेळेवर धुऊन उपचार घेतलेले बहुतेक डोळे एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होतात. दुर्लक्ष झालेल्या डोळ्यांची दृष्टी कायमची गेल्याचीही उदाहरणे आहेत. एवढ्या मोठ्या फरकाला बहुतेक वेळा कारण एकच असते, पहिल्या काही मिनिटांत काय केले ते.

म्हणून ‘विषारी’ हा शब्द मला अपुरा वाटतो. तो कोणत्या भागाबद्दल, कोणत्या वाटेने, किती मात्रेत, यातले काहीच सांगत नाही. युफोर्बियाचीच एक बहीण, नाताळात लाल पानांनी भरणारी पॉइन्सेटिया, अनेक दशके प्राणघातक म्हणून बदनाम होती. अमेरिकेतल्या विषमाहिती केंद्रांकडे आलेल्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदी १९९६ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा मृत्यू एकही सापडला नाही आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना कसलाच त्रास झालेला नव्हता. दुसऱ्या टोकाला आपल्या अंगणातली कण्हेर: हात लावून काही होत नाही, पण पोटात गेली तर हृदयाची लय बिघडवते. हल्ली गच्चीगच्चीवर दिसणारे, बुंधा फुगलेले अडेनियम कण्हेरीच्याच कुळातले; आफ्रिकेत त्याच्या रसाचे विष बाणांना लावत. आणि जिच्यावर आपण निर्धास्त असतो त्या कोरफडीच्या गराबाहेर, सालीलगत पिवळा कडू रस असतो. तोच वाळवून काळा बोळ होतो, आणि तो जोरदार रेचक आहे. या सगळ्यांवर ‘विषारी’ असा एकच शिक्का मारला तर माणूस दोनांपैकी एक करतो: सगळ्यांना घाबरतो, किंवा कोरफडीने काही केले नाही म्हणून शेरालाही हलके घेतो. अडेनियमची काळजी तोंडापासून घ्यायची, शेराची काळजी डोळ्यापासून. झाडे दोन, दोघांनाही मांसल खोड, पण घरातली त्यांची जागा वेगवेगळी असायला हवी.

नर्सरीने कॅक्टस म्हटले की हा धोका झाकला जातो, कारण खऱ्या कॅक्टसचा त्रास काट्यापुरता असतो. याचा दोष एकट्या नर्सरीवर टाकता येणार नाही. मराठीतही निवडुंग हा शब्द दोन अगदी वेगळ्या झाडांना लावला जातो: फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस, तर त्रिधारी निवडुंग ही आपली युफोर्बिया. दोन खंडांतल्या दोन कुळांनी दुष्काळाला तोंड देताना एकच रूप घेतले, खोड फुगवले, पाने टाकली, काटे धरले. फरक शोधायचा तर काट्याच्या मुळाशी पाहावे. कॅक्टसचे काटे केसाळ गादीसारख्या लहान ठिपक्यातून झुबक्याने उगवतात. युफोर्बियाचे बहुधा जोडीजोडीने, धारेवरून थेट. शंका उरली तर बारीक टाचणी टोचून पाहावे. पांढरा थेंब आला की पुढची काळजी घ्यायची. मात्र टोचताना चेहरा लांब ठेवावा आणि टाचणी नंतर टाकून द्यावी.

लागवडीची चर्चा आणि सुरक्षिततेची चर्चा सहसा वेगळ्या प्रकरणांत केली जाते. मला ती विभागणी चुकीची वाटते. चीक बाहेर येतो तो झाड मोडले, कुजले किंवा कापावे लागले तर. ही तिन्ही संकटे मुख्यतः वाईट लागवडीची फळे आहेत. उजेड कमी पडला की शेराच्या कांड्या फिकट, बारीक आणि लांबुळक्या होतात, स्वतःचे वजन पेलत नाहीत, पडद्याच्या झटक्यानेही मोडतात. ट्रायगोना अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला तर वरचा भाग अशक्त वाढतो आणि मग ‘आकार देण्यासाठी’ छाटणी करावी लागते. म्हणजे उजेड ही या झाडाची पहिली गरज, आणि आपलीही पहिली खबरदारी. दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी, दिवसातून काही तास थेट ऊन. नर्सरीच्या सावलीतून आणलेल्या रोपाला मात्र ते आठ-पंधरा दिवसांत हळूहळू द्यावे, नाहीतर साल भाजते. पाण्याचेही तसेच. ही झाडे अतिपाण्याने मरतात. कुंडीतली माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी लागली तरच पाणी घालावे, आणि घातलेले पाणी तळाच्या भोकातून निघून जावे. निम्मी बारीक खडी किंवा जाड वाळू, निम्मा पोयटा आणि थोडे जुने शेणखत एवढे मिश्रण पुरते. खत जास्त झाले तर वाढ फुसफुशीत होते आणि पुन्हा तेच, मोडतोड. कुंडी मातीची, रुंद बुडाची आणि जड असावी, कारण ही झाडे डोक्याने जड असतात आणि हलकी प्लास्टिकची कुंडी कलंडली की एका वेळी दहा ठिकाणी चीक सुटतो.

पुण्या-नगरकडच्या कोरड्या हवेत हे सारे सोपे आहे. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कसोटीचे. हवेतच इतका ओलावा असतो की कुंडीतली माती आठवडा आठवडा वाळत नाही. या काळात कुंडी छपराखाली पण उजेडात हलवावी, खालची बशी काढून टाकावी, पाणी जवळजवळ बंद करावे. बुंधा मऊ लागला तर कुज वर सरकायच्या आत निरोगी भाग कापून घ्यावा लागतो, आणि ही शस्त्रक्रिया भर पावसात करणे झाडालाही आपल्यालाही त्रासाचे. म्हणून वैशाखातच मुळे तपासून कुंडी बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. छाटणी आणि कलमे फाल्गुन-चैत्रात करावीत. कापलेला भाग सावलीत आठ-दहा दिवस वाळून त्याच्या तोंडावर कोरडी खपली धरली की मगच तो मातीत खोचावा. वईसाठी फांदी तोडून लगेच खोचली तरी लागते हे खरे, पण उघड्या बांधावर ऊन-वारा जखम वाळवतो. घरातल्या ओल्या मातीत ती कुजते.

कापायच्या दिवशीची तयारी मात्र सविस्तर सांगायला हवी. काम शक्यतो मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा गॅलरीत करावे, लहान मुले आणि मांजर-कुत्रे आत ठेवून. खाली वर्तमानपत्राचे जाड थर. हातात नायट्राइलचे मोजे, बाही मनगटापर्यंत, आणि डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा. नुसता वाचायचा चष्मा उडालेला थेंब अडवेलच असे नाही. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी वापरू नयेत, कारण चीक लेन्सखाली अडकला तर धुऊन निघत नाही. फांदी डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली धरून धारदार सुरीने एका कापात छेदावी. बोथट कात्रीने चिरडली तर चीक दुप्पट येतो. कापलेल्या दोन्ही तोंडांवर लगेच पाणी फवारले की प्रवाह थांबतो. काम संपल्यावर मोजे उलटे करून काढावेत, हात साबणाने दोनदा धुवावेत आणि मगच चेहऱ्याकडे न्यावेत. सुरी आधी स्पिरिटने पुसावी, मग साबणाने धुवावी, आणि ती भाजी चिरायच्या सुरीत मिसळू देऊ नये.

एवढे करूनही थेंब डोळ्यात गेलाच तर चोळायचे नाही. पापण्या उघड्या धरून नळाच्या स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवायचा. ही मिनिटे घड्याळाची असावीत, अंदाजाची नकोत. दूध, तूप, गुलाबपाणी, मध यांतले काहीही घालायचे नाही. आग कमी झाली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे, कारण खरे नुकसान नंतर दिसते. जाताना झाडाचा फोटो न्यायचा आणि ‘निवडुंगाचा चीक गेला’ असे स्पष्ट शब्दांत सांगायचे. कातडीला साबण आणि पाणी. तोंडात गेला तर चूळ भरून थुंकायचे, मुद्दाम उलटी काढायची नाही, कारण वर येताना तोच चीक घसा पुन्हा भाजतो, आणि डॉक्टरांना गाठायचे. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे. डॉक्टरांना तिथून सल्ला मिळू शकतो.

यावर सरळ प्रश्न येतो: इतका खटाटोप कशाला? बिनधोक झाडे कमी आहेत का? प्रश्न रास्त आहे आणि काही घरांसाठी त्याचे उत्तर ‘नका ठेवू’ हेच आहे. रांगते मूल असेल, पाने चावणारे मांजर असेल, किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली कोणी व्यक्ती घरात असेल, तर ही झाडे पुढे कधीतरी आणावीत. इतरांसाठी उत्तर असे की उन्हाने तापणारी, पश्चिमेकडची, दोन आठवडे कोणी पाणी घालणार नाही अशी खिडकी शहरात फार घरांना आहे, आणि तिथे टिकणाऱ्या मोजक्या झाडांत ही आहेत. घरात आपण ॲसिड, फिनेल, उंदराचे औषध, गॅस ठेवतोच, कारण त्यांची हाताळणी ठरलेली असते. शिवाय या झाडांना स्वतःचे देखणेपण आहे, शेराच्या कांड्यांवर तिरपे ऊन पडले की त्यांचा हिरवा रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. ते देखणेपण खोटे ठरवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. काटेरी झाड घरात नको अशी एक समजूत आहे. ती पाळणाऱ्याने गॅलरीच्या बाहेरच्या कठड्यावर कुंडी ठेवावी. उजेडाच्या दृष्टीने ती जागा अधिक चांगली.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: आमचे आजोबा उघड्या हातांनी शेर तोडत, त्याचा चीक कुरूपावर लावत, त्यांना काही झाले नाही. कष्टाची, घट्टे पडलेली कातडी आणि आयुष्यभराची सवय यांचे संरक्षण त्यांना होते, आणि ज्यांना काही झाले त्यांच्या गोष्टी घराण्यात सांगितल्या गेल्याच असतील असे नाही. औषधाच्या बाबतीत तर जास्त सावध असावे. शेराचा चीक ब्राझीलमध्ये कर्करोगावरचे लोकौषध म्हणून घेतला जातो, तर प्रयोगशाळेत फॉर्बॉल एस्टरे गाठींच्या वाढीला चालना देणारी म्हणून ओळखली जातात. युफोर्बिया पेप्लस या लहान जातीतल्या इंजेनॉलपासून कातडीवरच्या कर्करोगपूर्व डागांसाठी मलम तयार झाले, २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि २०२० मध्ये युरोपात ते मागे घेतले गेले, कारण लावलेल्या जागी कातडीचाच कर्करोग वाढण्याची शंका आली. नियंत्रित मात्रेतल्या, चाचण्या झालेल्या औषधाची ही गत, तर खिडकीतल्या कुंडीतून काढलेल्या थेंबाने घरी उपचार करू नयेत हे वेगळे सांगायला नको. याचा अर्थ खोलीत शेर असल्याने कर्करोग होतो असा मात्र नाही. न मोडलेले झाड नुसते उभे राहून कोणाला काही करत नाही.

राहिली ती माणसे, जी या झाडाची मालक नसतात आणि तरी त्याला हात लावतात. सुटीत कुंड्यांना पाणी घालायला येणारे शेजारी, फरशी पुसताना कुंडी उचलणाऱ्या मावशी, सोसायटीचे माळीकाका आणि घंटागाडीवर उघड्या हातांनी ओला-सुका कचरा वेगळा करणारे सफाई कामगार. छाटलेल्या फांद्या तोडल्यावरही कितीतरी वेळ चीक गाळतात. त्या तशाच ओल्या कचऱ्यात टाकणे म्हणजे आपला धोका गुपचूप दुसऱ्याच्या हातात देणे आहे, आणि लागवडीतल्या कुठल्याही चुकीपेक्षा ही मला गंभीर वाटते. फांद्या कागदावर पसरून चीक थांबेपर्यंत वाळवाव्यात, जाड कागदात गुंडाळून बांधाव्यात, वर लिहावे आणि देताना तोंडानेही सांगावे. जाळू नयेत. मासे ठेवलेल्या टाकीत किंवा तळ्यात पडू देऊ नयेत. शेराचा चीक मासे गुंगवण्यासाठी वापरला जातो.

विकत घेताना नर्सरीत वाढवलेलेच रोप घ्यावे. मांसल युफोर्बियांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. लॅक्टिया-नेरीफोलियाच्या कलमांसारख्या नर्सरीत तयार होणाऱ्या काही प्रकारांना त्यातून सूट आहे. आपल्या सह्याद्रीतही युफोर्बिया खंडाळेन्सिस आणि युफोर्बिया पंचगणीएन्सिस या इवल्या, जमिनीत कंद धरून राहणाऱ्या जाती आहेत, आपापल्या डोंगरांची नावे धारण करणाऱ्या. त्या तिथल्या कातळावरच राहू द्याव्यात. कुंडीसाठी वईवरच्या शेराची एक फांदी पुरते, आणि ती आणली की पहिल्याच दिवशी कुंडीवर मराठीत चिठ्ठी चिकटवावी: शेर, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, गेल्यास वीस मिनिटे पाण्याने धुवा. तीच चिठ्ठी नर्सरीवाल्यांनीही लावावी अशी विनंती मी या पानावरून करतो. ‘कॅक्टस’ या शब्दाच्या जागी ती सहज मावते.